तीन वर्षांचे रविवार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा फार तर संपाचा हक्क यांपैकी काहीतरी मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, मला एका संख्येविषयी बोलायचे आहे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सभासदसंख्येविषयी का?" तेव्हा मी एका चिठ्ठीवर ती संख्या लिहून त्यांच्या हाती दिली. ती अशी आहे :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

एकवीस आकडी संख्या. चिठ्ठी उलटसुलट करून पाहिल्यावर ते म्हणाले, "हा एखाद्या बँकेचा खातेक्रमांक दिसतो." माझ्या ओळखीत इतकी शिल्लक असलेले खाते कोणाचे नाही, असे मी त्यांना सांगितले आणि विषय मंजूर झाला.

मी गणिताचा पदवीधर नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली, ती सुटलीच. पुढचे माझे गणित मस्टर, वेतनचिठ्ठी आणि बोनसचे तक्ते यांवर झाले, आणि त्याच्याही पलीकडचे नगरवाचनालयाच्या कपाटांत, रविवारी दुपारी झाले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे भाषण नव्हे. एका हिशोबी माणसाला दुसऱ्या एका हिशोबी माणसाची गोष्ट फार आवडली, ती तो चार मंडळींना सांगतो आहे, असे समजावे.

पटावरचे दाणे

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरी दुप्पट करीत जायचे. राजाला वाटले की पोतेभर धान्यात भागेल, आणि शेवटी त्याची सगळी कोठारे रिकामी झाली. पटावर घरे चौसष्ट. समजा, कोणा सुताराने चुकून सदुसष्ट घरांचा पट केला, तर त्यावर एकूण किती दाणे पडतील? मी वर दिलेली संख्या हे त्याचे उत्तर आहे. गणिताच्या भाषेत, दोनाचा सदुसष्टावा घात करायचा आणि त्यातून एक वजा करायचा.

ती किती मोठी आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. सेकंदाला एक याप्रमाणे, न जेवता, न झोपता मोजीत बसलो, तर ती संपायला साडेचार लाख कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल. विश्वाचे वय शास्त्रज्ञ सुमारे एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षे सांगतात. मात्र या संख्येची थोरवी तिच्या आकारात नाही. आकाराने तिच्याहून मोठी संख्या कोणीही पोर पाटीवर लिहील. तिची गोष्ट आहे ती तिच्या अवयवांची.

मूळ आणि संयुक्त

शाळेत शिकलेले थोडे आठवू या. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या : २, ३, ५, ७, ११, १३. जिला भाग जातो ती संयुक्त : ६ म्हणजे दोन त्रिक, १५ म्हणजे तीन पंचे. प्रत्येक संयुक्त संख्या ही मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते, आणि ती एकाच प्रकारे बनते, क्रम इकडचा तिकडे झाला तरी.

आता दोनाच्या घातांतून एक वजा करून पाहा. दुसऱ्या घाताचे ३, तिसऱ्याचे ७, पाचव्याचे ३१, सातव्याचे १२७. या सगळ्या मूळ संख्या. चौथ्याचे १५ आणि सहाव्याचे ६३, या संयुक्त. कारण घातांक ४ आणि ६ हेच मुळात संयुक्त आहेत, आणि घातांक फुटला की वरची संख्याही फुटते, हे सिद्ध करता येते. मग घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळ येईल काय? बराच काळ लोकांना तसे वाटत असे. परंतु अकरावा घात २०४८, त्यातून एक गेला की २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. अकरा मूळ असूनही संख्या फुटली. सोळाव्या शतकातच हे ध्यानात आले होते. तेव्हा घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

सदुसष्ट ही मूळ संख्या आहे. मग आपली एकवीस आकडी संख्या मूळ की संयुक्त?

मोठ्या माणसाचा शब्द

फ्रान्समध्ये मारँ मर्सेन नावाचे एक मठवासी साधू होऊन गेले. जन्म १५८८, मृत्यू १६४८. युरोपातल्या सगळ्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. ज्या काळी विज्ञानाची मासिके नव्हती त्या काळी हा एक माणूसच चालते मासिक होता. १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात त्यांनी एक यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्या घातांकांनाच मूळ संख्या मिळतात, असे त्यांनी लिहिले. त्या यादीत आपले सदुसष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

या सगळ्या संख्या त्यांनी स्वतः तपासल्या असणे शक्यच नव्हते. एकवीस आकडी संख्येला एकामागून एक भाजक लावीत बसायचे, तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे बाराशे कोटींच्याही पुढे जावे लागते. तरीही नाव मोठे, ग्रंथ छापील. यादी टिकली. त्या संख्यांना आजही मर्सेनच्या संख्या म्हणतात.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती फारशी शोभादायक नाही, म्हणूनच सांगतो.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस एक कारखाना बंद झाला. कोणता, ते महत्त्वाचे नाही. मी तेव्हा संघटनेत नवा होतो. कामगारांच्या ग्रॅच्युइटीचा तक्ता व्यवस्थापनाकडून आला. टंकलिखित, शिक्के मारलेला, हिशोबनिसाची आणि एका सल्लागाराची सही असलेला. गेटसभेत मी तो तक्ता उंच धरून सांगितले, "हिशोब तपासलेला आहे." तो मी तपासलेला नव्हता. सह्या पाहिल्या होत्या, इतकेच. लोकांनी माझ्या शब्दावर पैसे घेतले, पावत्यांवर अंगठे आणि सह्या झाल्या, आणि पुष्कळजण आपापल्या गावी निघून गेले.

तीन महिन्यांनी एक वयस्कर फिटर चौपदरी वही घेऊन युनियनच्या कचेरीत आला. चोवीस वर्षांची नोकरी, शेवटचा पगार ५,२०० रुपये. तो म्हणाला, "साहेब, कायद्यात सव्वीसने भागायला सांगितलंय, यांनी तीसने भागलंय." ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि एका दिवसाचा पगार काढताना महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, कारण रविवार हे कामाचे दिवस नव्हेत. ५,२०० भागिले २६ म्हणजे २०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे ३,०००. चोवीस वर्षांचे ७२,०००. त्याला मिळाले होते ६२,४००. नऊ हजार सहाशे रुपयांचा फरक, एका माणसाचा. त्याने तो वहीच्या एका पानावर काढला होता.

आम्ही अर्ज केले, भांडलो, पुष्कळांचे पैसे मिळाले. पण जे गावी गेले होते त्यांतल्या काहींचे पत्तेच आमच्याकडे नव्हते. त्यांचा फरक राहिला तो राहिलाच. त्या दिवसापासून कोणी "तपासलेले आहे" म्हटले की मी "कोणी, आणि कसे?" असे विचारतो. मर्सेनच्या यादीची गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला तो टंकलिखित तक्ता आठवला.

न पाहता कळणे

मर्सेननंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ गेला. १८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने एक विलक्षण गोष्ट केली. सदुसष्टाची संख्या संयुक्त आहे, मर्सेनची यादी चुकली आहे, हे त्यांनी दाखविले. पण तिचा एकही अवयव त्यांना सापडला नव्हता, आणि त्यांनी तो शोधलाही नव्हता.

हे कसे शक्य आहे? भाजक सापडल्यावाचून संख्या फुटते हे कळावे कसे? कुलूपबंद पेटी हलवून पाहिली तर ती वाजते, त्यावरून आत एकाहून अधिक वस्तू आहेत हे कळते. पण त्या कोणत्या ते कळत नाही. ल्युकांनी संख्या हलवून पाहण्याची एक रीत शोधून काढली. १९३० साली लेमर या अमेरिकन गणितज्ञाने ती सुटसुटीत रूपात मांडली, ती इतकी साधी आहे की मी ती इथेच करून दाखवितो.

चारापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, त्यातून दोन वजा करायचे, आणि जी संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. हे घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्य आली नाही तर संयुक्त. घातांक मात्र दोनाहून मोठा आणि मूळ हवा.

३१ घ्या. घातांक पाच, म्हणून तीन वेळा. चाराचा वर्ग १६, दोन गेले १४. चौदाचा वर्ग १९६, दोन गेले १९४, त्याला ३१ ने भागले तर बाकी ८. आठाचा वर्ग ६४, दोन गेले ६२, ३१ ने भागले तर बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ.

आता २०४७ घ्या. घातांक अकरा, म्हणून नऊ वेळा. बाक्या अशा येतात : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटची शून्य नाही. म्हणून २०४७ संयुक्त. आता या ओळीकडे नीट पाहा. तिच्यात २३ कोठे आहे? ८९ कोठे आहे? कोठेच नाही. पेटी वाजली, पण उघडली नाही.

असे का होते याच्या सिद्धतेला फळा आणि दोन तास लागतील, ती आज बाजूला ठेवू. सदुसष्टाच्या संख्येसाठी ही क्रिया पासष्ट वेळा करायची; प्रत्येक वेळी एकवीस आकडी संख्यांचा वर्ग आणि भागाकार. काम किचकट आहे, पण माणसाच्या आवाक्यातले आहे. बाराशे कोटी भाजक तपासणे आवाक्यातले नाही.

म्हणजे १८७६ पासून स्थिती अशी झाली की, ही संख्या फुटते हे ठाऊक, पण कोठे फुटते ते कोणालाच ठाऊक नाही.

न्यूयॉर्कची सभा

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली होती. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचा निबंध होता, विषय मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. कोल हे सोसायटीचे चिटणीसही होते, आणि ते काम त्यांनी १८९६ पासून १९२० पर्यंत केले. चोवीस वर्षे चिटणीसपद सांभाळणारा माणूस कसा असतो हे संघटनेत काम केलेल्यांना सांगायला नको.

त्या सभेची हकीकत गणितज्ञ बेल यांनी पुढे लिहून ठेवली आहे. ती अशी. कोल फळ्यापाशी गेले. तोंडातून शब्द काढला नाही. दोनाचा सदुसष्टावा घात त्यांनी हाताने करून काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या बाजूला गेले आणि दोन संख्या एकीखाली एक लिहिल्या :

१९३७०७७२१
७६१८३८२५७२८७

आणि शाळेतल्या मुलासारखा ओळीओळीने गुणाकार सुरू केला. उत्तर आले ते पहिल्या बाजूच्या उत्तराशी आकड्याला आकडा जुळले. कोल खडू ठेवून आपल्या जागी जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

प्रश्न विचारायला राहिलाच काय होता? मर्सेनवर विश्वास ठेवायचा की नाही, ल्युकांच्या बाक्या बरोबर की चूक, यांपैकी कशाचीच आता गरज नव्हती. कोल प्राध्यापक आहेत की पोस्टमन आहेत, यालाही महत्त्व उरले नव्हते. ज्याला गुणाकार येतो त्याने करून पाहावा. बेल सांगतात की १९११ साली त्यांनी कोलना विचारले, हे अवयव काढायला किती वेळ लागला? उत्तर मिळाले, "तीन वर्षांचे रविवार."

रविवारांचा हिशोब

हे तीन शब्द वाचल्यावर माझ्यातला हिशोबनीस जागा झाला. तीन वर्षांचे रविवार म्हणजे सुमारे दीडशे दिवस. दीडशे दिवसांत हे काम होते काय, ते पाहू.

मर्सेनच्या संख्यांचे अवयव कसेही नसतात. अकराव्या घातासाठी ते २२ च्या एखाद्या पटीत एक मिळवून येतात : २३ म्हणजे २२ आणि १, ८९ म्हणजे बावीस चोक ८८ आणि १. सदुसष्टासाठी ते १३४ च्या पटीत एक मिळवून येणार. शिवाय त्यांना आठाने भागले तर बाकी १ किंवा ७ च राहिली पाहिजे. कोलना मिळालेला लहान अवयव १९,३७,०७,७२१ हा १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीत एक मिळवून येतो. आठाच्या नियमाने यांतले निम्मे आधीच गळतात, राहतात सव्वासात लाखांच्या आसपास. ३, ५, ७, ११ यांनी उघड भाग जाणारे गाळले तर राहतात सुमारे तीन लाख. एका भागाकाराला पाच मिनिटे धरली तर पंधरा लाख मिनिटे, म्हणजे पंचवीस हजार तास. रविवारी आठ तास बसले तर तीन हजारांहून अधिक रविवार. साठ वर्षे!

म्हणजे कोल नुसते भागत बसले नव्हते. त्यांनी वर्गांच्या बाक्यांचे शास्त्र वापरले. एखाद्या संख्येविषयी अशी काही माहिती जमविता येते की तिचा अवयव अमुक साच्यातला असूच शकत नाही. असा एक साचा बाद झाला की उरलेल्या उमेदवारांतले निम्मे एकदम बाद होतात. असे एकामागून एक साचे बाद करीत त्यांनी रान कमी कमी केले, आणि मग राहिलेल्या रानात एकेक झुडूप तपासले. शिवाय अवयव कोठे दडला आहे हे त्यांना आधी ठाऊक नव्हते. तो पंधरा लाखाव्या पटीच्या आत सापडेल, की कोट्यवधी पटींपलीकडे, हे त्या दीडशेपैकी शेवटच्या रविवारपर्यंत कोणीही सांगू शकले नसते.

फळ्यावर यातले काहीच दिसले नाही. दिसला तो एक गुणाकार. नऊ आकड्यांना बारा आकड्यांनी गुणायचे म्हणजे एकशे आठ लहान गुणाकार आणि शेवटी बेरीज. सरावाच्या हाताला पाव तासाचे काम. माल बाजारात येतो तेव्हा त्यामागचे श्रम मालावर लिहिलेले नसतात, हे आम्ही कामगार सभांतून नेहमी सांगतो. कोल यांनी त्या सभेत आपल्या श्रमांविषयी अवाक्षर काढले नाही. बेल यांनी विचारले नसते तर ते रविवार आपल्याला कळलेही नसते.

आणि रविवार या शब्दापाशी मला आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने. त्याआधी गिरणीतल्या माणसाला आठवड्याचा असा स्वतःचा ठराविक दिवसच नव्हता. संख्येचे अवयव पाडायला बुद्धी लागते हे खरे, पण त्याआधी एक मोकळा दिवस लागतो. माझे वाचन झाले ते त्याच दिवशी झाले, म्हणून हा उल्लेख.

नऊची कसोटी

तो गुणाकार मी स्वतः केला आहे. युनियनच्या कचेरीत, जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर. मला अर्धा तास लागला आणि उत्तर चुकले. चुकले हे मूळ उत्तराशी न ताडता कसे कळले, ते सांगतो, कारण ही युक्ती जुन्या मुनिमांना ठाऊक असे आणि आता विसरत चालली आहे.

कोणत्याही संख्येचे आकडे मिळवा. उत्तर पुन्हा मोठे आले तर त्याचेही आकडे मिळवा. एक आकडा राहीपर्यंत. हा राहिलेला आकडा म्हणजे नऊने भागल्यावरची बाकी असते. नऊच राहिला तर बाकी शून्य समजावी. पहिल्या अवयवाच्या आकड्यांची बेरीज ३७. तीन आणि सात दहा. एक आणि शून्य एक. दुसऱ्याची बेरीज ६४, सहा आणि चार दहा, पुन्हा एक. एक गुणिले एक, एक. तेव्हा उत्तराच्या आकड्यांतूनही एकच निघाला पाहिजे. माझ्या उत्तरातून पाच निघाला. शोधता शोधता एक हातचा विसरलेला सापडला. दुरुस्त केल्यावर आकड्यांची बेरीज १०९ आली. एक, शून्य आणि नऊ दहा. आणि दहाचा एक. जुळले.

ही कसोटी चूक पकडते. बरोबर असल्याची हमी देत नाही. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि नऊ फसतो. म्हणून मी मग आकड्याला आकडा ताडून पाहिला.

याचा उपयोग काय?

सभेत कोणीतरी हा प्रश्न विचारणारच. कोल यांच्या काळी याचे प्रामाणिक उत्तर "काही नाही" असे होते. आज तसे राहिलेले नाही.

गुणणे सोपे, फोडणे अवघड. कोल यांच्या फळ्यावर दिसलेल्या या विषमतेवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेश पाठविण्याची एक रीत उभारली. दोन मोठ्या मूळ संख्या आपल्यापाशी गुप्त ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार उघडपणे जगाला द्यायचा. कुलूप सर्वांना, किल्ली एकाला. संगणकावरून होणाऱ्या व्यवहारांत ही रीत पुढे फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि तिच्यात सहाशेहून अधिक आकडी संख्या घेण्याचा प्रघात पडला.

त्याच वर्षी या तिघांनी १२९ आकडी एक संख्या आव्हान म्हणून अमेरिकेतल्या एका मासिकातून प्रसिद्ध करविली. ती फोडणाराला शंभर डॉलर बक्षीस. फोडायला लागणाऱ्या काळाचा तेव्हाचा अंदाज होता चारावर सोळा शून्ये इतकी वर्षे. ती सतरा वर्षांत, १९९४ च्या एप्रिलमध्ये फुटली. कोणा एका पंडिताने ती फोडली नाही. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापल्या देशांतून सुमारे सोळाशे संगणकांवर काम वाटून घेतले आणि आठ महिन्यांत ते तडीस नेले. चौसष्ट आकडी एक आणि पासष्ट आकडी एक, असे दोन अवयव निघाले. बक्षिसाचे शंभर डॉलर त्यांनी एका सार्वजनिक कार्य करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. संघटनेचा माणूस म्हणून ही हकीकत मला किती गोड लागली असेल, ते आपण जाणताच.

फुटते की नाही हे ओळखण्याच्या बाजूनेही पुढे मोठे काम झाले, आणि ते आपल्या देशात झाले. ल्युकांची रीत फक्त मर्सेनच्या संख्यांना लागू पडते. कोणतीही संख्या मूळ की संयुक्त, हे बेताच्या वेळात आणि निःसंशय सांगणारी रीत २००२ साली कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी दिली. पण तीही पेटी वाजवूनच सांगते, उघडून देत नाही. साध्या संगणकावर कोणतीही मोठी संख्या झटकन फोडून देणारी रीत आजवर कोणी प्रसिद्ध केलेली नाही.

म्हणून १८७६ ची ती विचित्र स्थिती आजही संपलेली नाही. दोनाचा १२७७ वा घात घेऊन एक वजा केला तर ३८५ आकडी संख्या येते. ती संयुक्त आहे हे पक्के ठाऊक आहे. जगभरचे संगणक तिच्यामागे लागलेले असूनही २०२४ सालापर्यंत तिचा एकही अवयव कोणाला सापडलेला नव्हता. तिचे कोल अजून फळ्यापाशी यायचे आहेत.

मर्सेनच्या यादीचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. १९४७ पर्यंत ती सगळी तपासून झाली. ६७ प्रमाणेच २५७ ही चूक निघाली, आणि ६१, ८९, १०७ हे तीन त्यांच्या नजरेतून सुटलेले आढळले. अकरांत दोन खोटे, तीन राहून गेलेले. तरी मर्सेनविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांच्या यादीमुळेच तीनशे वर्षे लोक तपासायला बसले. कोल १९२६ साली वारले. निवृत्तीच्या वेळी त्यांना जी थैली अर्पण झाली ती त्यांनी सोसायटीलाच परत दिली, आणि तीतून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. ते पहिल्यांदा १९२८ साली दिले गेले.

श्रोतेहो, दाराशी एका टेबलावर मी काही कागद ठेवले आहेत. प्रत्येकावर दोनच संख्या लिहिलेल्या आहेत, नऊ आकडी एक आणि बारा आकडी एक. खाली जागा कोरी आहे. उद्या रविवार आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. मी एकदा गेटसभेत काय केले ते आताच सांगितले. घरी जाऊन गुणाकार करा, हातचा विसरू नका, आणि उत्तर जुळले नाही तर मला युनियनच्या कचेरीत येऊन धरा. संध्याकाळी सहानंतर मी तेथे असतो.